मृत्युपत्रात हाताने केलेला बदल चालतो का? (आत्याचा कागद)

सांजवात

नमस्कार मंडळी. घरातलं प्रकरण आहे, त्यामुळे नावगाव टाळते. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

माझी आत्या गेल्या वर्षी गेली, ८३ व्या वर्षी. लग्नानंतर चारच वर्षांत विधवा झाली, मूलबाळ नाही. पुढे नोकरी करून स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला. २००९ साली तिने मृत्युपत्र केलं होतं: टाइप केलेली दोन पानं, दोन साक्षीदार, रीतसर नोंदणी. त्यात फ्लॅट माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, आणि बँकेतल्या ठेवी मला नि माझ्या धाकट्या बहिणीला निम्म्या निम्म्या.

गेल्या आठवड्यात कपाटात मूळ प्रत सापडली. दादाच्या नावावर हिरव्या शाईची एक रेघ, पट्टी धरून मारावी तशी सरळ. वर धाकटीचं नाव. शेजारी समासात आत्याची सही आणि २०१८ ची तारीख. बाकी काही नाही. अक्षर तिचंच आहे. 'ध'ची गाठ ती उलटी काढायची, आम्ही लहानपणी त्यावरून तिला चिडवायचो.

२०१८ ला तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. धाकटीने दोन महिने बिनपगारी रजा काढून तिचं सगळं केलं. दादा फोन करायचा. म्हणजे रेघ का मारली हे घरात सगळ्यांना कळतं, दादालासुद्धा. प्रश्न एवढाच, की कायद्याने फ्लॅट कोणाचा?

तळटीप

माझ्या मते ज्याची मालमत्ता त्याची सही, विषय संपला. अक्षर तिचं आहे हे दादाही मान्य करतोय, मग अडचण काय?

किल्लीवाला

अजिबात चालणार नाही. मूळ मृत्युपत्र नोंदवलेलं आहे, ते बदलायचं तर नोंदणी करूनच बदलावं लागतं. नोंदवलेलं मृत्युपत्र साध्या कागदाने रद्द होत नाही. आमच्या सोसायटीत असंच झालं होतं.

निवृत्त_काळाकोट

किल्लीवाला, तुमचं उत्तर बरोबर आणि कारण चूक. परीक्षेत अर्धे मार्क मिळाले असते.

नोंदणीपासून सुरुवात करू. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. मुद्रांक शुल्क नाही, स्टॅम्प पेपर नको, वहीचा फाडलेला कागदही चालतो. नोंदवलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या, न नोंदवलेल्या मृत्युपत्राने खुशाल रद्द होतं. कायदा तारीख बघतो, शिक्का बघत नाही. शेवटचं वैध मृत्युपत्र खरं.

अडचण वेगळीच आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५. कलम ६३ सांगतं की मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने एकतर सही होताना पाहिलेली हवी, किंवा 'ही माझीच सही' असं करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं हवं. आणि साक्षीदाराने आपली सही करणाऱ्याच्या समोर करायला हवी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असले पाहिजेत असं मात्र नाही. एक सकाळी, एक संध्याकाळी आला तरी चालतं.

आता कलम ७१. मृत्युपत्र पूर्ण झाल्यावर त्यात खोडलं, वर लिहिलं, मध्ये घुसडलं, तर तो बदलही मृत्युपत्रासारखाच झाला पाहिजे. म्हणजे बदलाजवळ समासात करणाऱ्याची सही, आणि दोन साक्षीदारांच्याही. आत्याबाईंनी जागा अचूक निवडली, सही बरोबर समासात केली. फक्त दोन सह्या कमी पडल्या.

म्हणून रेघेखालचं नाव वाचता येतंय तोवर ते नाव तिथेच आहे. फ्लॅट दादाचा.

खडीसाखर

बाप रे. म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक आहे तिला काय हवं होतं, तरी नाही?

निवृत्त_काळाकोट

तरी नाही. कोर्टाला मृताची इच्छा हवी असते, पण ती दोन साक्षीदारांच्या खिडकीतूनच बघायची असा नियम आहे. बोलणाऱ्याला साक्षीला बोलावता येत नाही ना.

आणि 'सगळं स्वतःच्या हाताने लिहिलंय' हा युक्तिवाद आपल्याकडे उपयोगी नाही. हस्ताक्षरातल्या मृत्युपत्रालाही साक्षीदार लागतातच. कायद्याने सूट दिलीय ती प्रत्यक्ष मोहिमेवर किंवा युद्धात असलेले सैनिक, हवाईदलातले लोक आणि समुद्रावरचे खलाशी यांना. ते तोंडी मृत्युपत्रही करू शकतात. मात्र ती परिस्थिती सरली आणि माणूस जिवंत राहिला, तर तोंडी मृत्युपत्र महिन्याभरात निकालात निघतं.

दुपारची_झोप

एक शंका. 'नाव वाचता येतंय तोवर' म्हणालात. म्हणजे आत्यांनी रेघेऐवजी गिचमिड केली असती, शाईची दौत ओतली असती, तर?

निवृत्त_काळाकोट

शंका झोपेतली नाही! शब्द वाचताच येणार नाहीत इतके पुसले गेले, तर तेवढा भाग गेला. पण म्हणून धाकटीचं नाव लागू होत नाही, कारण त्या लिहिण्याला साक्षीदार नाहीतच. फ्लॅट अधांतरी लटकला असता. मग मृत्युपत्रात 'उरलेली सर्व मालमत्ता अमुकाला' असं कलम आहे का ते बघायचं. सांजवात ताई, आहे का?

सांजवात

नाही. फ्लॅट आणि ठेवी, एवढंच लिहिलंय.

निवृत्त_काळाकोट

मग पट्टी धरून मारलेल्या त्या सरळ रेघेचे आभार माना. ठळक नियम: 'उरलेलं सगळं' हे वाक्य नसलेलं मृत्युपत्र म्हणजे तळ नसलेली पिशवी.

अडगळ

मी जरा व्यावहारिक बोलतो. मूळ प्रत तुमच्याच ताब्यात आहे ना? फाडून टाका आणि म्हणा मृत्युपत्र नव्हतंच. वारस म्हणून तुम्ही तिघं सारखं वाटून घ्या. धाकटीला निदान तिसरा हिस्सा तरी मिळेल.

निवृत्त_काळाकोट

अडगळराव, एका परिच्छेदात तीन खड्डे खणलेत.

पहिला: दुसऱ्याने फाडून मृत्युपत्र रद्द होत नाही. कलम ७० प्रमाणे जाळणं, फाडणं किंवा नष्ट करणं हे स्वतः करणाऱ्याने, किंवा त्याच्या समोर त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने करायचं असतं, आणि तेही रद्द करण्याच्या हेतूने. माणूस गेल्यावर कागद फाडला तर मृत्युपत्र जिवंतच. नोंदवलेलं असल्याने त्याची नक्कल निबंधकाच्या दप्तरात आहे.

दुसरा: हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३४३, लबाडीने मृत्युपत्र नष्ट करणं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. असले सल्ले उघड्या धाग्यावर देऊ नयेत. बंद खोलीतही देऊ नयेत.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल. तिघांना सारखं कोणी सांगितलं? मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्राविना गेली, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे तिची स्वकष्टाची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. माहेर त्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत येते. आत्याचा फ्लॅट पगारातला आहे.

खडीसाखर

काय???? पगार तिचा, हप्ते तिचे, आणि घर सासरच्यांना?

निवृत्त_काळाकोट

होय. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण. नारायणीदेवी नावाच्या बाई. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली, पैसे साठवले. १९९६ साली मृत्युपत्र न करता गेल्या. पैसा कोणाला? ज्यांनी हाकललं त्या सासरकडच्यांना. कोर्टाने सहानुभूती बोलून दाखवली, पण कलमाच्या शब्दांपुढे इलाज नव्हता.

तेव्हा हा धागा वाचणाऱ्या मूल नसलेल्या प्रत्येक बाईने आज संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसावं.

सांजवात

हे वाचून हातपाय गार पडले. आत्याच्या दिराचा मुलगा वर्षश्राद्धाला अचानक आला होता. वीस वर्षांत फिरकला नव्हता. आम्हाला वाटलं, आला बिचारा.

तळटीप

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. पण एक सांगा सर, आत्यांनी खोडलं म्हणजे तिला जुनं मान्य नव्हतं हे तर दिसतंय? हाच जुनं रद्द केल्याचा पुरावा मानता येणार नाही का?

निवृत्त_काळाकोट

कॉलेजात आम्हाला यावर १८७७ चा एक इंग्लंडचा खटला शिकवायचे. चीझ विरुद्ध लव्हजॉय. एका गृहस्थाने आपल्या मृत्युपत्रावर रेघा मारल्या, मागे 'हे सगळं रद्द' असं लिहिलं आणि कागद खोलीच्या कोपऱ्यातल्या रद्दीत फेकला. मोलकरणीने तो उचलून स्वयंपाकघरात ठेवला, तो गृहस्थ मरेपर्यंत तिथेच पडून राहिला. कोर्ट म्हणालं, मृत्युपत्र शाबूत. हेतू होता, पण नाश झाला नाही. नुसता नाश असता आणि हेतू नसता तरीही हेच उत्तर. दोन्ही एकत्र लागतात.

लिहून रद्द करायचं तर त्या लेखालाही दोन साक्षीदार. मृत्युपत्र करताना जे सोपस्कार, तेच मोडताना.

अजून एक. नवं मृत्युपत्र केल्यावर जुनं रद्द झालं आणि मग नवंही फाडून टाकलं, तर जुनं आपोआप उठून बसत नाही. ते पुन्हा रीतसर करावं लागतं, किंवा पुरवणी मृत्युपत्राने जिवंत करावं लागतं.

किल्लीवाला

लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं असं ऐकलंय. आणि ज्याला मालमत्ता मिळते तो साक्षीदार असेल तर त्याचा हिस्सा जातो. खरं ना? या वेळी पूर्ण मार्क हवेत.

निवृत्त_काळाकोट

ही कलमं (६९ आणि ६७) कायद्यात आहेत, पण हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांच्या मृत्युपत्रांना ती लावलेली नाहीत. ख्रिश्चन आणि पारशी मंडळींना लागतात. पाऊण मार्क.

तरी लाभार्थ्याला साक्षीदार करू नका. वैध असलं तरी समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

सुरमेदानी

आमच्याकडचं थोडक्यात लिहिते (आम्ही सुन्नी). कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. त्यापुढे जायचं, किंवा वारसालाच काही द्यायचं, तर बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि ती माणूस गेल्यानंतरची. उलट वसीयत तोंडीही चालते. माझ्या नानींनी तीन मुलींसमोर बांगड्यांबद्दल सांगितलं होतं. तिघींनी तीन वेगळ्या गोष्टी ऐकल्या. तेव्हापासून माझा तोंडी प्रकारावर विश्वास नाही.

पेडण्याचो_पावस

गोव्यातलं कोणी वाचत असेल तर: आमच्याकडे सगळं आपल्या मर्जीने देता येत नाही. मुलांसाठी किंवा आईवडिलांसाठी निम्मा वाटा कायद्यानेच राखलेला असतो, मृत्युपत्र उरलेल्या निम्म्यापुरतंच. 'मुलाला बेदखल करतो' हा सिनेमातला डायलॉग मांडवीच्या अलीकडे तितका चालत नाही.

दुपारची_झोप

माझा अनुभव. बाबांनी मृत्युपत्र झकास केलं होतं. साक्षीदार कोण? त्यांचे दोन मित्र, एक त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, दुसरे सहा वर्षांनी. बाबा गेले तोवर दोघंही गेलेले. मग साक्षीदाराची सही त्याचीच आहे हे सिद्ध करायला आम्ही एका काकांचं जुनं पासबुक आणि त्यांच्या मुलीने जपलेली पत्रं घेऊन कोर्टाच्या चकरा मारल्या. त्या पत्रांत बाबांना घातलेल्या शिव्याही होत्या, त्यासुद्धा रेकॉर्डवर गेल्या.

साक्षीदार आपल्याहून तरुण निवडा एवढंच सांगायचंय.

निवृत्त_काळाकोट

+१. मृत्युपत्र नोंदवलेलं असलं तरी ते कोर्टात सिद्ध करायला निदान एक साक्षीदार, हयात आणि हजर होण्यासारखा असेल तर, उभा करावाच लागतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७. दोघंही नसले तर मग झोपसाहेबांसारखी पासबुकं.

सांजवात ताई, २००९ चे साक्षीदार?

सांजवात

एक वारले. दुसरे आत्याच्या ऑफिसातले, आता ८१ चे. काल भेटून आले. स्मरणशक्ती खणखणीत आहे. सही कोणत्या टेबलावर केली, पंखा बंद होता म्हणून कागद उडाले नाहीत, इथपर्यंत सांगितलं. पण आत्याने नंतर काही बदल केल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

दिराच्या मुलाची परवा वकिलामार्फत नोटीस आलीय. म्हणे, २००९ चं मृत्युपत्रच संशयास्पद आहे.

निवृत्त_काळाकोट

अपेक्षितच होतं. घाबरू नका, पण आळसही नको. ते ८१ वर्षांचे गृहस्थ सध्या तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा दस्तऐवज आहेत.

यातला मूळ निकाल १९५८ चा, वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध थिम्मजम्मा. लिहिला आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं, आणि संशयाच्या जागा असतील तर त्या त्यानेच दूर करून न्यायाधीशाच्या मनाचं समाधान करायचं. संशयाच्या जागा म्हणजे काय? थरथरती सही. करणाऱ्याची बुद्धी तेव्हा ठिकाणावर होती का याची शंका. ज्याला घबाड मिळतंय त्यानेच वकील गाठलेला, टाइप करून आणलेलं आणि साक्षीदारही जमवलेले. कारण न देता जवळच्या माणसाला वगळलेलं. फसवणूक, जबरदस्ती किंवा नको इतका पिच्छा पुरवून करून घेतलेलं मृत्युपत्र तर कलम ६१ खाली तेवढ्यापुरतं निरर्थकच. मात्र हे आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचे.

२००९ साली आत्या ऑफिसातल्या माणसांना घेऊन स्वतः निबंधकाकडे गेल्या, दादा तिथे नव्हता, बरोबर? मग तुमची बाजू भक्कम आहे.

गंमत बघा. समासातल्या त्या निष्फळ सहीचाही एक उपयोग आहे. २०१८ ला हा कागद आत्यांच्या हातात होता, त्यांनी तो वाचला, एक नाव सोडून बाकी काही बदललं नाही आणि जपून ठेवला. मी तुमचा वकील असतो तर हे नक्की मांडलं असतं.

किल्लीवाला

मुंबईत फ्लॅट असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागतंच ना? आता शून्य मार्क दिले तरी चालतील.

निवृत्त_काळाकोट

लागायचं. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत हिंदूंच्या मृत्युपत्राला कलम २१३ मुळे प्रोबेटची सक्ती होती. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ते कलमच वगळलं. सक्ती गेली तरी वाट बंद झालेली नाही. वाद असेल, सासरकडचा पुतण्या नोटिसा पाठवत असेल, तर स्वतःहून प्रोबेट घेणं शहाणपणाचं. एकदा मिळालं की मृत्युपत्र खरं की खोटं हा प्रश्न मिटतो.

खडीसाखर

आणि नॉमिनी? आत्याच्या सोसायटीत नॉमिनी कोण आहे?

सांजवात

मी. २००४ पासून.

निवृत्त_काळाकोट

म्हणून फ्लॅट तुमचा होत नाही. नॉमिनी म्हणजे किल्ली सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात हेच सांगितलं. सोसायटी फार तर तुम्हाला तात्पुरतं सभासद करून घेईल. घर मृत्युपत्राप्रमाणेच जाणार.

अडगळ

माझ्या आधीच्या प्रतिसादाबद्दल क्षमस्व. घरी बायकोने वाचला. आम्हालाही मूल नाही. तिने पुढचं काही न बोलता कागद समोर ठेवलाय.

सांजवात

धागा वर काढतेय.

प्रोबेटचा अर्ज झाला. ८१ वर्षांच्या काकांचं प्रतिज्ञापत्र झालं.

काल दादा येऊन गेला. मी मूळ प्रत वकिलांकडे देण्याआधी त्याला दाखवली. खिडकीपाशी नेऊन समासातली सही बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "पट्टी घेऊन खोडलंय गं. रागात नाही खोडलं." त्यानंतर कोणीच काही बोललं नाही, चहा गार झाला. जाताना म्हणाला की प्रोबेट हातात आलं की अर्धा फ्लॅट धाकटीला बक्षीसपत्राने देतो, मुद्रांक शुल्क भरावं लागलं तरी. धाकटी नको म्हणतेय. ते त्यांचं ते बघतील.

आईने आज फुलस्केप मागवले. तिचं सगळं तीन ओळींत बसतंय, चौथी ओळ 'उरलेलं सगळं'ची. समोरच्यांचा मुलगा साक्षीदार व्हायला तयार आहे, गेल्या महिन्यात १८ पूर्ण झालीत त्याला. दुसरा शोधतोय.

निवृत्त_काळाकोट

दोघांचे पूर्ण पत्ते लिहून घ्या, पिनकोडसकट. आणि खाडाखोड झालीच तर पान नव्याने लिहा.